चित्र क्रमांक चौदा

मंगळवार, ५ मार्च १९३५. एल्कफोर्ड, नेब्रास्का

खोलीचं दार लावून हे लिहितेय.

आज दुपारी कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलींना वाळलेला नमुना भिजवून कसा तपासायचा ते दाखवत होते. हाताला लागला तो जंगली कांद्याच्या नमुन्याचा कागद, १९३१ च्या मे महिन्यातला. कांदा आणि पाती शाबूत, फुलाचा दांडा मोडून गेलेला. कागदाच्या कोपऱ्यात एक बारीक पुडी चिकटवलेली असते, गळालेलं काही असेल तर त्यात ठेवतो. ती पुडी मी चार वर्षांत उघडली नव्हती. आज उघडली. आत एकच चुरगळलेलं फूल होतं. कोमट पाण्यात टाकलं, भिंगाखाली धरलं, तर पाकळीच्या बुडाशी हिरवट-पिवळी ग्रंथी.

जंगली कांद्याच्या पाकळीला ग्रंथी नसते. विषकांद्याच्या असते.

मुलींना म्हटलं, आज इथंच थांबू. त्यांना वाटलं मला बरं नाही.

पुस्तिकेच्या चौदाव्या पानावरचं चित्र क्रमांक चौदा मी याच कागदावरून काढलं. गेल्या डिसेंबरात, बाहेर बर्फ असताना ताजं झाड आणणार कुठून? कांदा, मुळं, पाती, सगळं हुबेहूब उतरलं, आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता. खाली छापलंय: 'जंगली कांदा. एप्रिलमध्ये खणावा. कच्चा किंवा उकडून खाण्यास उत्तम.'

चार हजार प्रती. अकरा जिल्ह्यांतल्या मदत-कचेऱ्यांमधून वाटून झाल्या. इथं सलग तीन वर्षं धड पाऊस नाही. लोक गुरांना काटेरी झुडपं घालतायत आणि स्वतः काय खातात ते कुणी विचारत नाही. अशांसाठीच तर आम्ही ती लिहिली. 'माळावरचं अन्न'. मुखपृष्ठावर प्रोफेसर ॲम्ब्रोज टटल, आणि खाली बारीक अक्षरात, साहाय्य: आयडा क्रेब्स.

माळ अजून गोठलेला आहे. पहिली पाती वर यायला चार आठवडे. फार तर पाच.

बुधवार, ६ मार्च

टटल सरांना सगळं सांगितलं. रात्रभर वाटत होतं की ते मला दारातूनच बाहेर काढतील. उलट किती शांतपणे ऐकून घेतलं.

आधी विचारलं, आणखी कुणाला बोललीस का. नाही म्हटल्यावर उठून दार लावलं. मग पुस्तिकेचं हस्तलिखित आणि तपासलेली मुद्रितं कुठं आहेत ते विचारलं. माझ्या टेबलात, म्हटलं. म्हणाले, ती माझ्याकडे आणून दे, तुझ्या टेबलाला कुलूप नाही, जपून ठेवतो. मी लगेच जाऊन घेऊन आले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं मला कॉफी दिली.

मी त्या ओळीचा विषय काढला. हस्तलिखितात चित्राखाली एक ओळ होती: 'फोडल्यावर कांद्याचा वास आला नाही तर मुळीच खाऊ नये, दिसायला अगदी असाच एक विषारी कांदा माळावर असतो.' पानावर जागा नव्हती म्हणून सरांनी ती मुद्रितात काढली. तेव्हा मीही मान डोलावली होती. विषाचा उल्लेख असला की लोक पुस्तिका हातात घेत नाहीत, असं ते म्हणाले होते, आणि ते पटण्यासारखंच होतं.

आज म्हणाले, "आयडा, विश्वस्त मंडळाची बैठक अठरा एप्रिलला आहे. तुझी कायम नेमणूक त्या दिवशी व्हायची आहे. नऊ वर्षं थांबलीस, आणखी सहा आठवडे थांब. मग आपण एक छोटं शुद्धिपत्र काढू."

मी लिंकनच्या विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले तेव्हा बाकीच्या सगळ्या कॉलेजांनी मला मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला ठेवायची तयारी दाखवली होती. शिकवायला बोलावणारे सर एकटे. त्यांना माझं वाईट कसं व्हावंसं वाटेल?

तरी शुद्धिपत्र मेमध्ये निघेल, आणि कांदा एप्रिलमध्ये खणतात. हे मी त्यांना म्हणाले नाही.

सोमवार, ११ मार्च

मिसेस पेखाल यांच्याकडे मी सहा वर्षं भाड्यानं राहते. आज न्याहारीला त्या गरम कोलाचे, फळांचं सारण भरलेले गोड पाव, वाढत होत्या आणि माझी नजर चुलीमागच्या खिळ्याकडे गेली. दोऱ्यात ओवून पुस्तिका टांगली आहे. चाकवताच्या पानाला खूण म्हणून मुडपलंय.

त्या कौतुकानं सांगत होत्या की त्यांनी एक प्रत धाकट्या बहिणीला, बोझेनाला, पाठवली आहे. ती आणि तिचा नवरा एमिल यारोश उत्तरेला वीस मैलांवर शेत धरून आहेत, तीन मुलं आहेत. बोझेनाला इंग्रजी वाचायला कष्ट पडतात, पण, मिसेस पेखाल म्हणाल्या, "चित्रं इतकी छान आहेत तुझी, वाचायची गरजच नाही तिला."

हातातला कोलाचे मी बशीत ठेवला. मी म्हटलं कोलाचे फार गोड झालेत. त्यांना वाईट वाटलं.

मंगळवार, १९ मार्च

धूळ. दिवसा दिवे लावून शिकवलं.

ऑरिन स्लेड आला होता. उत्तरेकडच्या जिल्ह्याचा शेतकी अधिकारी. सहाशे प्रती त्यानं एकट्यानं घरोघर पोचवल्यात. सांगत होता, इतकी वर्षं सरकारचा माणूस म्हणून लोक दारातच उभं ठेवायचे, पुस्तिका घेऊन गेलो तर पहिल्यांदा बसा म्हणाले. सहा एप्रिलला त्याच्याकडच्या चर्चच्या तळघरात मी येऊन बोलावं अशी त्याची विनंती आहे.

सांगून टाकावं असं दोनदा आलं मनात. दोनदा १८ एप्रिल डोळ्यांपुढे आली. मी येईन म्हटलं. काम झाल्यावरही तो टोपी हातात फिरवत बराच वेळ उभा होता. त्याला आमंत्रणाची पोचपावती हवी असावी, म्हणून मी लिहून दिली. ती घेऊन, थोडं हसून गेला.

रविवार, २४ मार्च

रोझबडच्या राखीव वसाहतीत ज्युलिया ब्लू थंडर यांच्याकडे जाऊन आले. त्या इथल्या मूळच्या लाकोटा जमातीतल्या आहेत, साठी ओलांडलेली. मला माळावरचं जे काही येतं त्यातलं निम्मं त्यांनी तीन उन्हाळे सोबत हिंडवून शिकवलंय. त्यांच्यात मोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत, म्हणून मी त्यांना मावशी म्हणते.

का गेले? आता वाटतं, त्यांनी चित्र बघून हा चांगलाच कांदा आहे म्हणावं, या आशेनं गेले. त्यांची पारख माझ्या भिंगापेक्षा खरी ठरावी म्हणून. काही न सांगता पान चौदा समोर ठेवलं.

त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन बघितलं. म्हणाल्या, "हे खायला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, मी.

"हे तू माझ्या चुलत्याच्या कुरणातल्या उतारावरनं उपटलंस. मी तुझ्या हातावर मारून खाली टाकायला लावलं होतं. आठवतं?"

आठवलं. त्या दिवशी त्यांनी खरंच माझ्या मनगटावर चापट मारली होती. मी हसले होते, आणि त्यांची पाठ वळल्यावर ते झाड उचलून नमुने वाळवायच्या दाबात ठेवलं होतं, एखादा नमुना जास्त असावा म्हणून. घरी येऊन मी माझी त्या वर्षीची टिपणवही काढली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'माहिती देणारी स्त्री आज चिडचिडी वाटली. कारण कळले नाही.'

नमुन्याच्या चिठ्ठीवर 'जंगली कांदा' लिहिताना मला त्यांना विचारावंसंसुद्धा वाटलं नाही.

त्यांनी सांगितलं, जा आणि सगळी पुस्तकं परत आण. चार हजार आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, मग लवकर निघ. मी अठरा एप्रिलचं सांगितलं, नेमणुकीचं, नऊ वर्षांचं. त्या सगळं ऐकत होत्या. सुकवलेल्या तिम्प्सिलाची, म्हणजे रानटी सलगमाची, माळ घेऊन एकेक कंद सोडवून पातेल्यात टाकत होत्या, मला जेवायला घालायचं म्हणून.

"पोरी, तुझ्या साहेबांची बैठक होईपर्यंत ते वर यायचं थांबणार आहे का?"

जेवले. निघताना त्यांनी नेहमीसारखा माझा हात हातात घेतला नाही.

गुरुवार, २८ मार्च

अकरा मदत-कचेऱ्यांना अकरा पत्रं लिहिली. चित्र चौदा चुकीचं आहे, वाटप थांबवा, वाटलेल्या प्रती परत मागवा. पाकिटं टेबलावर ठेवून बसले होते आणि पोस्टापर्यंत जायला पाय उचलत नव्हते. सर तिथून जाताना थांबले. वरचं पत्र वाचलं. रागावतील वाटलं, पण ते एवढंच म्हणाले की विभागाची पत्रं विभागप्रमुखाच्या सहीनं जायला हवीत, नाहीतर कचेऱ्या दखल घेत नाहीत. "दे माझ्याकडे. सही करून मीच टाकतो."

सगळी दिली. बैठकीआधी त्यांनी स्वतःच्या नावावर हे ओढवून घ्यावं, याला मोठं मन लागतं. तीन आठवड्यांत आज पहिल्यांदा धड श्वास घेतला.

मंगळवार, २ एप्रिल

उन्हं पडली. कॉलेजमागच्या टेकडीवर गेले आणि पाती वर आलेली दिसली. दोन्हींची. हातभर अंतरात दोन्ही, एकाच बापाची लेकरं असावीत तशी.

वीस उपटले. नऊ वर्षं याच गोष्टीचा अभ्यास करणारी मी, डोळ्यांनी बघून वेगळे करायला बसले आणि मग एकेक फोडून वास घेतला. डोळ्यांनी मी तीनदा चुकले. वीसमध्ये चार बिनवासाचे निघाले.

हात धुतले. पुन्हा धुतले. नखांत अजून आहे असं वाटून तिसऱ्यांदा धुतले.

पत्रं पोचली असतील एव्हाना.

शनिवार, ६ एप्रिल

चर्चचं तळघर भरलं होतं. चेहऱ्यांवर धुळीचा थर, बायकांच्या हातात पुस्तिका. मी ठरवून गेले होते की चुकीबद्दल बोलायचं नाही, पण वासाबद्दल सांगायचं. सांगितलं. कांदा फोडून नाकाशी धरा, वास नसेल तर फेकून द्या.

मागून एक बाई उठून म्हणाली की चित्राखाली तसं काही लिहिलेलं नाही. मग चित्रासारखा दिसतोय आणि वास येत नाही, तर खावा की न खावा?

मी म्हणाले, "चित्र थोडं अस्पष्ट छापलंय. वासावर विसंबा."

अस्पष्ट. त्याहून स्पष्ट चित्र मी आयुष्यात काढलेलं नाही.

ऑरिन मला गाडीनं परत सोडायला आला. वाटेत म्हणाला की कांद्याचं काही असेल तर मला सांगून टाका, मी उद्याच्या उद्या सहाशे घरं फिरेन. मी म्हटलं डोकं दुखतंय. त्यानं गाडी हळू चालवली, धक्के बसू नयेत म्हणून.

त्याच्या जिल्ह्यातल्या मदत-कचेरीतही माझं पत्र गेलं असणार, मग तो असा का विचारत होता? कदाचित अजून वाचलं नसेल.

मंगळवार, ९ एप्रिल

सरांना विचारलं, कचेऱ्यांची उत्तरं आली का. म्हणाले, अजून नाही, धुळीनं गाड्या उशिरा येतायत. बैठकीत घालायचा माझा निळा पोशाख चांगला दिसेल, असंही म्हणाले. सगळं नीट होणार असं त्यांना वाटतं. मला मात्र रस्त्यात कुणी माझ्या नावानं हाक मारली तरी मी न थांबता पुढे जाते.

शुक्रवार, १२ एप्रिल

अकरा वाजता वर्गाच्या दारात मिसेस पेखाल उभ्या. स्वयंपाकाचा एप्रन तसाच. बोझेनाच्या शेजाऱ्यानं फोन करून सांगितलं होतं, घरातले सगळे आजारी आहेत, एमिल उठत नाही.

मी विचारलं, काय खाल्लं.

त्या म्हणाल्या, काल रात्री सूप. मी वर्ग सोडून दिला.

ऑरिनला फोन केला, तो तिकडून डॉक्टरला घेऊन निघाला. आम्ही पोचलो तेव्हा ऑरिन आणि डॉक्टर आत होते. तीन मुलं एका पलंगावर, तोंडाला फेस, पण रडत होती. मुलांना सूप कडू लागलं म्हणून त्यांनी दोन-दोन चमचेच घेतलं होतं. बोझेनानं आधी सगळ्यांना वाढलं आणि स्वतःला फारसं उरलं नाही. एमिलनं मुलांच्या वाट्याचंही संपवलं, आणि त्याआधी सकाळी खणताना भुकेपोटी ओंजळभर कच्चे खाल्ले होते.

डॉक्टर विचारत होते, खराब मांस होतं का, डब्यातलं काही होतं का. मी सांगितलं, हा विषकांदा आहे. नाडी उतरत जाईल, रक्तदाब उतरत जाईल. त्यांनी ॲट्रोपिनचं इंजेक्शन काढलं आणि विचारलं, इतकं खात्रीनं कसं सांगता. मी म्हटलं, मी वनस्पतिशास्त्र शिकवते.

पुस्तिका टेबलावर उघडी होती. पान चौदा. कडांना ओली माती लागली होती. बोझेनानं ती शेतात सोबत नेली होती, ताडून बघायला.

शनिवार, १३ एप्रिल

सकाळी नऊला एमिल यारोश गेला. मुलं आणि बोझेना वाचतील असं डॉक्टर म्हणतात. तो सदतीस वर्षांचा होता.

मिसेस पेखाल यांना अंगणात नेऊन सगळं सांगितलं. त्या आत जाऊन बहिणीच्या उशाशी बसल्या.

रविवार, १४ एप्रिल

ऑरिनला सांगितलं. ५ मार्चपासूनचं, अस्पष्ट छपाईच्या खोटेपणासकट. मला वाटलं तो निघून जाईल. त्यानं टोपी डोक्यावर चढवली, जिल्ह्याचा नकाशा गाडीच्या टपावर पसरला आणि विचारलं, "आधी कुठं?"

आज रविवार, तरी चार कचेऱ्यांची माणसं घरून उठून आली. एकालाही पत्र मिळालेलं नाही. त्यांतली एक ऑरिनच्या जिल्ह्याची, तिथंही आलेलं नाही. इतकी पत्रं कशी गहाळ झाली कळत नाही.

ऑरिन फक्त म्हणाला, "चारच्या चार?"

मी म्हटलं, धुळीचे दिवस आहेत. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

बुधवार, १७ एप्रिल

बाकी सात कचेऱ्या झाल्या. एकाही कचेरीत पत्र नाही. आता शाळांमधून निरोप गेलेत, पाद्री रविवारी सांगणार आहेत, आम्ही दोघं घरोघर जातोय. आतापर्यंत सोळाशे सत्तर प्रती परत. दोन घरांत कांदे खणून टोपलीत भरून ठेवलेले सापडले, सूप व्हायचं बाकी होतं. दुसऱ्या घरी मी टोपली उचलताना म्हाताऱ्या बाईनं ती घट्ट धरून ठेवली. तिला वाटलं मी तिचं जेवण पळवतेय.

घरी मिसेस पेखाल वाढून ठेवतात, पण आता समोर बसत नाहीत.

गुरुवार, १८ एप्रिल

बैठक दुपारी झाली. निळा पोशाख घातला नाही, दुसरा घातला, त्यालाही माती लागलेली होती.

सरांनी लिहून आणलेलं वाचून दाखवलं. पुस्तिकेतलं संशोधन, लेखन आणि चित्रं सर्वस्वी मिस क्रेब्स यांची, प्रमुख म्हणून मी फक्त नाव दिलं होतं. ऐकताना मनात आलं, नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सगळं काम माझं म्हटलं.

एका विश्वस्तानं विचारलं की अशा पुस्तकात धोक्याची एक ओळही नसावी का. सर म्हणाले, तशी ओळ पाहिल्याचं त्यांना आठवत नाही, आणि हस्तलिखित दुर्दैवानं सापडत नाही. मी म्हटलं, ओळ होती. ती मला पाठ आहे, म्हणून दाखवली. मग त्या विश्वस्तानं विचारलं, काढली कुणी?

मी सरांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

मी म्हणाले, "ती काढली तेव्हा मी हो म्हणाले होते. आणि चूक कळल्यावर पाच आठवडे मी गप्प बसले. एमिल यारोश त्या पाच आठवड्यांमुळे गेला."

हे खरंच आहे, मी कुणाला वाचवायला बोलले नाही. जूनपासून माझी नोकरी संपली. कायम करायचा ठराव अर्थातच पुढे आला नाही.

बाहेर पडल्यावर जिन्यावर मी थांबले. का कुणास ठाऊक, ६ मार्चची ती कॉफी आठवली. हस्तलिखित त्यांनी कॉफी दिल्यावर मागितलं होतं की आधी? मी कठड्याला धरून आठवत राहिले. आधी. आणि त्याच्याही आधी विचारलं होतं, आणखी कुणाला बोललीस का.

मग उतरून ऑरिनच्या गाडीत बसले. अजून दोन हजारांवर प्रती बाहेर आहेत, उजेड होता तोवर बारा घरं झाली.

रविवार, २८ एप्रिल

तीन हजार चारशे. बाकीच्या बहुतेक लोकांनी चुलीत घातल्या म्हणतात. मी तरी पत्ते घेऊन विचारते, दाखवा म्हणते. ऑरिन समजावत नाही, गाडी चालवतो.

आज यारोशांकडे गेले. हे घर मी टाळत आले होते. शेवटचं ठेवायचं नव्हतं, तरी शेवटचं ठेवलं.  ऑरिनला गाडीतच थांब म्हटलं.

बोझेना दारात आली. वाळून अर्धी झाली आहे. मी म्हणाले की ते चित्र माझं आहे, ते चुकलेलं आहे, आणि चुकलंय हे मला ५ मार्चपासून माहीत होतं. तारीख सांगायची असं ठरवून आले होते. सांगितली.

ती म्हणाली, "लुडमिलानं सांगितलंय मला."

लुडमिला म्हणजे मिसेस पेखाल. मग ती आत गेली. मला वाटलं आता दार लागेल. ती पुस्तिका घेऊन बाहेर आली, पण माझ्या हातात दिली नाही. चौदावं पान फाडून काढलेलं होतं.

"यातलं बाकीचं खरं आहे?"

हो म्हटलं. पण माझ्या होला आता काय किंमत आहे हे दोघींनाही माहीत होतं.

तिनं सांगितलं की मदतीचं पीठ महिन्यातून एकदा येतं आणि तीन आठवड्यांत संपतं. गाय आटली आहे. एमिल होता तेव्हा ससे मारून आणायचा. मुलं काल चाकवत खाऊन निजली. मग म्हणाली, "चल. दाखव मला. खरा कुठला ते."

मागच्या कुरणात गेलो. मुलं कुंपणापाशी थांबली, तिनं त्यांना पुढे येऊ दिलं नाही. मी गुडघ्यांवर बसून खणला, फोडला, वास घेतला, तिच्या हातात दिला. तिनं वास घेतला. दुसरा, तिसरा. सहावा बिनवासाचा निघाला. मी तो फेकला, तर तिनं उठून उचलून आणला. नाकाशी धरून ती बराच वेळ उभी राहिली.

"हाच?"

"हाच."

तिनं तो टाचेखाली चिरडला, वर दगड ठेवला आणि परत येऊन बसली. मग मी सोललेल्या चांगल्या कांद्याकडे बोट केलं. "आधी तू खा."

मी खाल्ला. कांद्याचा वास स्वच्छ येत होता, जिभेला तिखट झोंबला. माझ्याच पुस्तिकेतली वस्तू अशी भीत भीत मी कधी खाल्ली नव्हती. आणखी एक खाल्ला. तिसरा तिनं स्वतः खणून, स्वतः वास घेऊन दिला, तोही खाल्ला.

मग तिनं माझं मनगट धरलं आणि नाडीवर दोन बोटं ठेवली. ती मोजत होती की नुसती धरून होती, मला कळलं नाही.  वारा होता, पण आज धूळ नव्हती. कुंपणापाशी धाकटा कंटाळून खाली बसला. सावल्या आमच्या पायांवरून सरकून पलीकडच्या गवतावर गेल्या. मला भीती वाटत होती की हृदय इतकं धडधडतंय त्याचाच तिला संशय येईल.

शेवटी तिनं बोटं काढली. एप्रनच्या खिशातून पिठाची रिकामी पिशवी काढून झटकली, तोंड उघडून माझ्यापुढे धरली.

"चौघांना किती लागतील?"